नाताळाचा फोटो

बोरीच्या स्टँडवर मला सोडायला एकटी आई आली होती. दादा घरातच बसून राहिला. चुलत्यांनी आदल्या दिवशी बैठक बसवून निकाल दिला होता, "आजपासून तू आमाला मेलीस." आई खिडकीखाली उभी राहून पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत होती, "लेकराला उपाशी ठेवू नको." ते लेकरू, माझी गौरी, मांडीवर झोपून गेलं होतं.

ज्यांनी मला मेलेली ठरवलं त्यांनी हे वाचावं. ज्या बायका अशाच एखाद्या बसनं निघून गेल्या, त्यांनीही वाचावं.

नवरा वारल्यावर मी येलदरीला कामगारांचे डबे करत होते. धरणावरच्या वीजघरात मशीन दुरुस्तीला पुण्याहून शमुवेल आला आणि माझ्याकडं जेवू लागला. त्याचीही बायको वारलेली, घरी एक मुलगी. आम्ही लग्न करायचं ठरवलं, तेव्हा आमच्या लिंगायत घराण्याला एकदम आपला शिव आठवला. मी डबे घेऊन उन्हात फिरत होते तेव्हा तो कुणालाच आठवला नव्हता. गौरी काय खाते, हे त्या बैठकीतल्या एकाही शहाण्यानं कधी विचारलं नव्हतं.

पुण्यात आल्यावर कळलं, शहाणे इथंही आहेत. माझी नणंद एस्तेरताई दर डिसेंबरात घर तपासायला यायची. मी गळ्यातलं लिंग काढलं नाही, मटण शिजवत नाही, यावरून ती चर्चमधल्या बायकांसमोर सुस्कारे सोडायची. "प्रार्थनेला हिचे डोळे उघडेच असतात," म्हणायची. म्हणजे तिचेही उघडेच असणार, पण तेवढा विचार तिला झेपत नव्हता. माझ्या करंज्या मात्र ती डबा भरून न्यायची. आपल्याकडं दिवाळीला होतो तोच फराळ इथं नाताळाला होतो. करंज्या, शंकरपाळे, चकल्या. ज्यांना धर्म बुडाल्यासारखा वाटला होता, त्यांना एवढंही माहीत नव्हतं.

मला खरी भीती होती ती शमुवेलच्या मुलीची, रूथची. ती मला कुठल्याच नावानं हाक मारायची नाही. काही हवं असलं की समोर येऊन उभी राहायची. दारावर लावायचा कागदी तारा तिच्या आईनं आणलेला होता. पहिल्या नाताळाला मी त्याच्यावरची धूळ पुसायला गेले तर तिनं तो हातातून काढून घेतला. त्या घरात मला फक्त त्या मुलीचा राग पटत होता.

गेल्या डिसेंबरात दादाचा फोन आला, एवढ्या वर्षांत पहिला. "वहिनीला पुण्यात डॉक्टरला दाखवायचंय. आमी तुज्याकडंच उतरूलालोत." मेलेल्या बहिणीकडं उतरायला त्याला काही वाटलं नाही.

ते आले तेव्हा आम्ही स्वयंपाकघरात फरशीवर बसून करंज्या करत होतो. मी लाटत होते, गौरी सारण भरत होती, रूथ कडा कातत होती. वहिनीनं पाण्याची बाटली सोबत आणली होती. आमचं पाणी तिला नको होतं. दुपारी बाटली संपली, मग आमचा माठ चालला. दादानं करंजी उचलून विचारलं, "ह्यात अंडं न्हाई ना?" आणि उत्तराची वाट न पाहता खाल्ली. मग आणखी तीन खाल्ल्या. वहिनी तेवढ्यात भिंतीवरचा क्रूस चोरून पाहत होती, जणू तो खाली उतरून तिला धरणार होता.

संध्याकाळी शमुवेलनं शिडी धरली आणि रूथनं तारा लावला. दिवा लागला तसा गौरीनं फोटोचा हट्ट धरला. आम्ही दारात उभे राहिलो. शमुवेलनं मोबाइल वर धरला, तसा दादा पुढं आला.

"थांबा पाव्हणं. आईला पाठवायचाय. त्यो तारा दिसू देऊ नका, गावात लय बोंब व्हईल." मग त्यानं रूथकडं बोट केलं. "आन् ह्या पोरीला जरा बाजूला करा. घरचेच राहू द्या."

रूथ बाजूला सरकू लागली. ते सरकणं माझ्या ओळखीचं होतं. एस्तेरताईच्या फोटोत माझी गौरी अशीच बाजूला सरकायची.

मी तिचा हात धरला. "दादा, तू हो बाजूला."

"मी?"

"घरचेच राहू द्या म्हणालास ना. मग हो बाजूला. वहिनीलाही घे."

तो हसला, मला वाटतं, कुणीतरी आपली बाजू घेईल म्हणून. शमुवेलनं मोबाइल तसाच वर धरून ठेवला. शेवटी दादा आणि वहिनी दोघं चपलांच्या कपाटाशी जाऊन उभे राहिले. आम्ही तारा दिसेल असा फोटो काढला आणि मी तो तिथंच आईला पाठवला.

सकाळी डॉक्टरला दाखवून ते परस्पर गेले. घरातून निघताना वहिनीनं फराळाचा डबा मात्र मागून नेला. "गावात दिवाळीचा हाय म्हून सांगते," म्हणाली. डिसेंबर संपत आला होता, पण खोटं बोलायलासुद्धा अक्कल लागते.

आईचा फोन दुपारी आला. चुलत्यांनी फोटो पाहून पुन्हा बैठक बसवली होती म्हणे. बसू देत, त्यांना दुसरं येतं काय. आई म्हणाली, "मोठी पोरगी लय वाळलीय. जेवायला घालायलीस का न्हाई?"

मी रूथकडं पाहिलं. ती रिकाम्या झालेल्या डब्यांकडं पाहत उभी होती.

"मम्मी, तुझ्या माणसांनी सगळं नेलं," ती म्हणाली. "उद्या चर्चमधून लोक येतील. परत करायला बसू या."

तिनं ते मम्मी सहज म्हटलं आणि परात काढायला वळली. बोरी माझं गाव आहे, कुणी विचारलं तर मी तेच सांगते. पण माझी माणसं कोण, हे रूथचं जरा चुकलं होतं. ते मी तिला मैदा भिजवताना सांगितलं.