उजेडात पाहिलेला लंगोट

आमच्या घरात एक गोष्ट सहा वर्षं चुकीची सांगितली जात होती, आणि ती चुकीची सांगणारा मीच. 'आजोबांनी नातीचा लंगोट बघून दुखणं ओळखलं' अशी ती गोष्ट. आजोबांनी काहीही ओळखलं नव्हतं. ओळखलं माझ्या सुनेनं, आणि तिला नऊ दिवस अडवून धरलं मी.

सून जुन्या इंदूरची. तिच्या वडिलांचं तिथे मॅचिंग सेंटर होतं. साडीला ब्लाउजपीस, फॉल, अस्तर जुळवून द्यायचं एवढंसं दुकान. शाळेत असल्यापासून ती काउंटरवर बसायची. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेला माणूस. लग्न ठरलं तेव्हा आमच्या नात्यात 'दुकानवाली' हा शब्द निघाला होता आणि मी तो ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं.

तिला आई नव्हती, म्हणून बाळंतपण आमच्याच घरी झालं. माझी पत्नी आधीच गेलेली. म्हणून माझी थोरली बहीण महिनाभरासाठी राहायला आली. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून ताईनं खोलीच्या खिडक्या बंद केल्या, पडदे ओढले. भरदुपारीसुद्धा तिथे एक पिवळा बल्ब जळत असे.

सुनेनं एक विचित्र काम सुरू केलं होतं. कपाटाच्या दाराला आतून एक पुठ्ठा लावून त्यावर ती रोज कापडाची एक कतरन टाचायची आणि खाली तारीख लिहायची. पहिल्या दोन दिवसांची कतरन जवळजवळ काळी, नंतर मेंदी, मग मोहरी. मी विचारलं तेव्हा लाजून म्हणाली, "हिच्या शीचा रंग आहे, बाबा. पहिली शी डांबरासारखी असते, मग हिरवट, मग मोहरीसारखी दाणेदार, असं नर्सबाईंनी सांगितलं होतं. मी आपली मॅच करून ठेवते. आदत आहे." मला हसू आलं होतं.

एकोणिसाव्या दिवशी दुपारी तिनं मला खोलीत बोलावलं.

"बाबा, जरा बघा ना. शेड उतरतेय."

"कसली शेड?"

"शीची. परवापर्यंत मोहरी होती, काल बदामी झाली, आज तर मोतिया. आणि सू बघा, लंगोटाला हळदीसारखा डाग पडतोय. सगळं उलटं चाललंय."

ताई पाळण्याशेजारी लसूण सोलत बसली होती. ती म्हणाली, "अगं सूनबाई, दूधच पिते ना पोरगी? मग पांढरीच होणार. पोहे-जलेबी थोडीच खाते!"

आम्ही हसलो. मीही हसलो. मग चष्मा लावून लंगोट बल्बखाली धरला. "पिवळीच तर आहे."

"बल्ब पिवळा आहे, बाबा. बाहेर चला. लाइटमध्ये रंगाचा भरोसा नसतो. आमच्याकडे गिऱ्हाइकाला कपडा दुकानाच्या पायरीवर नेऊन दाखवतात."

त्यावर मी जे बोललो, ते लिहिल्याशिवाय या लिखाणाला अर्थ नाही. मी म्हणालो, "इथे आपल्याला ब्लाउज शिवायचा नाहीये."

तिनं माझ्या हातातून लंगोट काढून घेतला. पोरीच्या डोळ्यांत पिवळेपणा होता. मी सांगितलं, नवजात बाळांना कावीळ होतेच, सकाळी कोवळं ऊन दाखवा, जाईल. पुष्कळ बाळांच्या बाबतीत कावीळ जातेच, हे खरं. पण ती दोन आठवड्यांपुढे राहिली तर तपासायची असते, हे मला माहीत नव्हतं आणि मी कोणाला विचारलंही नाही. चाळीस वर्षं मुलांना शिकवलं की द्रावणाचा रंग बदलला की हात थांबवा, नीट बघा. घरात रंग बदलत होता आणि मी बल्बखाली उभा राहून निकाल देत होतो. मुलगा पीथमपूरच्या कारखान्यात, पाळ्यांमध्ये अडकलेला. "बाबा म्हणतायत ना, मग ठीक असेल," एवढंच त्याचं म्हणणं.

ती रोज कतरन टाचत राहिली. भांडली नाही. अठ्ठाविसाव्या दिवशी सकाळी ती दुपट्यात पोर गुंडाळून, पुठ्ठा काखेत धरून बाहेरच्या दाराशी आली. पायात चपला.

ताई दारात आडवी झाली. "सव्वा महिना व्हायचाय अजून! बाळंतीण उंबरा ओलांडते का कुठे?"

"मी नाही ओलांडत, आत्या. तुम्ही घ्या पोरीला आणि चला डॉक्टरांकडे. मी इथेच बसते."

सून माझ्याकडे वळली. "बाबा, तुम्ही येता की मी रिक्षा बोलावू?"

मी गेलो. समजूत पटली म्हणून नव्हे. बाळंतीण एकटी रिक्षात बसलेली कॉलनीनं पाहिली असती म्हणून.

डॉक्टरांनी पुठ्ठा हातात घेतला आणि तारखांवरून बोट फिरवत राहिले. मग ताजा लंगोट घेऊन खिडकीशी गेले. सुनेनं सांगितलं होतं अगदी तसंच. दिवसाच्या उजेडात ती शी पांढऱ्या मातीसारखी दिसत होती. मलाही दिसली. डॉक्टर म्हणाले, "लोक मोबाइलचे फोटो दाखवतात. फोटोत रंग बदलतो. हे उत्तम केलंत." मग त्यांनी समजावलं: शीला पिवळा-हिरवा रंग पित्तामुळे येतो. पित्त यकृतातून आतड्यात उतरलंच नाही तर शी फिकी पडते, आणि तोच रंग लघवीत गडद होऊन दिसतो. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली, पुढच्या तपासण्या झाल्या. पित्ताची वाटच बंद होती. ऑपरेशन जितकं लवकर तितकं बरं, दोन महिन्यांच्या आत तर हवंच. एक्केचाळिसाव्या दिवशी ते बाहेरगावी झालं.

मी इंदूरलाच थांबलो होतो. आठवड्याभरात एका सकाळी सुनेचा फोन आला. 'हॅलो'सुद्धा न म्हणता ती ओरडली, "बाबा, मेंदी आली! एकदम पक्की मेंदी!" आणि रडू लागली. एका लंगोटासाठी माणूस इतक्या आनंदानं रडताना मी आधी ऐकलं नव्हतं.

खजरान्याच्या देवळामागे मी मन्नत मागून उलटा सातिया, म्हणजे उलटं स्वस्तिक, काढून आलो होतो. पोर घरी आल्यावर, मन्नत पुरी झाली म्हणून, तो सीधा काढायला गेलो. तिथे कॉलेजातले एक जुने सहकारी भेटले. सगळं ऐकून म्हणाले, "सरजी, आपने ही पकड़ा होगा. केमिस्ट्री वाले आदमी!" मी हसलो. 'नाही' म्हणालो नाही. उशिरानं झालेल्या बारशापर्यंत तीच गोष्ट मी 'मी' लावून सांगू लागलो होतो. सून पंगतीत वाढत होती. तिनं ऐकलं, माझ्या ताटात श्रीखंड वाढलं आणि पुढे गेली.

नात आता सहा वर्षांची आहे. पोटावर आडवा व्रण आहे; औषधं, तपासण्या चालू असतात; शाळेत जाते, दंगा करते. त्या नऊ दिवसांनी तिचं किती नुकसान झालं, हे डॉक्टरांना विचारायचं धाडस मला झालेलं नाही.

गेल्या महिन्यात खालच्या मजल्यावरची मुलगी तीन आठवड्यांचं बाळ आणि पिशवीत एक लंगोट घेऊन आली. "सर, तुम्ही बघा ना. तुम्हाला कळतं, सगळे सांगतात." कूलर चालू, पडदे ओढलेले, वर दिवा. मी लंगोट हातात धरला. मला रंग कळेना. 'ठीक आहे' हा शब्द जिभेवर येऊन थांबला. समोर एक बाळ होतं, आणि त्याची आई माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी सुनेला हाक मारली. "बेटा, जरा ये. मला यातलं काही कळत नाही. तेव्हाही कळलं नव्हतं." मग त्या मुलीला म्हणालो, "ओळखलं होतं हिनं. मी उलट हिला अडवलं होतं."

नात जमिनीवर चित्र रंगवत होती. तिनं मान वर केली. "म्हणजे आजोबा, तुम्ही खोटं सांगत होता?"

"हो."

"इतके दिवस?"

"हो."

सुनेनं माझ्याकडे पाहिलं नाही. लंगोट घेऊन ती गॅलरीत गेली, उन्हात धरला, दोन्ही बाजूंनी पाहिला. "ही मेंदी आहे. हिरवी चालते, घाबरू नका. पण याचे डोळे पिवळे वाटतायत आणि तीन आठवडे झालेत, तर आजच डॉक्टरांना दाखवा, रक्त तपासा. नुसता रंग बघून मी डॉक्टर नाही होत."

ती मुलगी गेल्यावर सून कप विसळता विसळता म्हणाली, "बाबा, आत्यांना पण सांगा. माझ्याकडून त्यांना पटायचं नाही."

मी ताईला फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडे तिनं टीव्ही बंद केला. मग ती म्हणाली, "ते पोहे-जलेबीचं मी बोलले होते. ते सांगितलंस का रे लोकांना?"

"अजून नाही."

"मग ते पण सांग. फक्त माझं नाव घालू नकोस."

नाव घातलेलं नाही.