पिवळी साडी आणि बाबांचं पॉलीहाऊस

मैत्रिणींनो, आज सकाळी मला हळद लागली आणि दुपारी बाबांनी स्वतःचाच सगळ्यात कडक नियम मोडला.

समुद्रपूरजवळ, घरामागेच आमचं जरबेराच्या फुलांचं पॉलीहाऊस आहे. भोवती सगळी कपाशी. तिच्यावरची, झाडांचा रस शोषणारी पांढरी माशी पिवळा रंग दिसला की येऊन बसते. म्हणून बाबा आत पिवळे चिकट सापळे टांगतात आणि पिवळे कपडे घातलेल्या माणसाला दारातूनच परत पाठवतात. एकदा तर मामालाच पाठवलं होतं!

आज मी हळदीच्या साडीत गेले आणि सवयीने दाराबाहेरच थांबले.

"ये ना आत," बाबा म्हणाले.

"माशा येतीन ना बाबा संगं."

"येऊ दे. मी पाहून घेईन. तुह्या हातची रोपं फुलून राह्यली, ते तं पाह्य."

मी वाफ्यांमधून फिरले. मागून बाबा माझ्या पदरावरच्या माशा हळूच झटकत राहिले.

आता मंडपात सगळे त्यांना शोधताहेत. ते अजून पॉलीहाऊसमध्येच, नवे सापळे टांगत आहेत. आई हाक मारायला निघाली होती, मीच थांबवलं.

तुमच्यासाठी घरी कोणी, कोणता नियम मोडला होता?