सांगून शिकणारी वहिनी

आज पहाटे वहिनी गेली.

ती दहावीला दोनदा नापास झाली होती. आज हे कुणी बोलणार नाही, म्हणून मी लिहिते.

दवाखान्याच्या फेऱ्यांनी मी इतकी दमलेय की नीट मांडून लिहिणं होणार नाही. सांभाळून घ्या.

सुलोचना वहिनी म्हणजे माझ्या मोठ्या भावाची, दादाची बायको. माहेर उदगीरचं. लग्न होऊन आमच्याकडे आली तेव्हा आमचं गाव, मुरुडजवळचं, नुकतंच उस्मानाबादमधून नव्या लातूर जिल्ह्यात आलं होतं.

नवा जिल्हा, नवी ऑफिसं, नव्या जागा. सगळ्यांच्या तोंडी तेच.

वहिनीला नर्स व्हायचं होतं. त्यासाठी दहावी पाहिजे. आणि दहावी तर होईना.

ती अभ्यास करत नव्हती असं नाही. भिंतीला टेकून, पुस्तक मांडीवर घेऊन तासन् तास बसायची. मास्तरांनी सांगितलं होतं, एकदा नाही कळलं तर दहादा वाच. ती वीसदा वाचायची.

"पेपरात पान डोळ्यापुढं दिसतंय गं," मला म्हणायची, "पण त्याच्यावर अक्षरंच न्हाईत."

मी तेव्हा नववीत. मला एकदा पाठ केलं की यायचं. तिला का येत नाही, हे मला कळत नव्हतं. तिलाही नाही.

दुसऱ्यांदा नापास झाली तेव्हा दादा म्हणाला, "आता बास. औंदा शेवटचं. मग पुस्तकं बांधून ठेव."

तो वाईट नव्हता. दमलेला होता. त्या वर्षी सगळेच दमलेले होते. पाऊस नाही, विहिरी कोरड्या. टँकर यायचा तो आधी गावात, मग आमच्या बौद्धवस्तीत. आमचा नंबर शेवटी. बायका घागरी मांडून दुपारभर बसायच्या.

वहिनी तिथंही पुस्तक न्यायची.

एक दिवस शेजारच्या चंद्रभागाकाकू म्हणाल्या, "एवढं वाचायलीस, त्यात हाय तरी काय? आमाला तर सांग."

वहिनीनं रक्ताभिसरण सांगायला घेतलं. हृदय कसं पंपासारखं रक्त ढकलतं, ते अंगभर कसं फिरतं, परत कसं येतं.

काकूंनी विचारलं, "मग घाण रगत साफ कुठं व्हतंय?"



वहिनीनं घरी आल्यावर घागर खाली ठेवली आणि उभ्यानंच पुस्तक उघडलं. दुसऱ्या दिवशी रांगेत बसल्या बसल्या म्हणाली, "काकू, फुप्फुसात."

तो धडा ती कधीच विसरली नाही.

मग रोज तेच. सकाळी मी धडा मोठ्यानं वाचायचा, तिनं चुलीपुढं ऐकायचा, दुपारी रांगेत बायकांना सांगायचा. बायका नाही नाही ते विचारायच्या. जिथं अडली, तेवढंच ती घरी येऊन वाचायची.

दादाच्या कानावर गेलं. "पाण्यावर गप्पा मारून कोण पास झालंय? पुस्तकापुढं बस."

वहिनी त्याच्यापुढं कधी मोठ्यानं बोलत नसे. त्या दिवशी बोलली.

"बसून मला येत न्हाई. सांगून येतंय. दोन वर्षं वाया गेल्यावर एवढंच कळलंय मला. आता तेवढं तरी करू द्या."



गणित मात्र सांगून येईना. ते आलं रोजगार हमीच्या कामावर.

तिथं खोदलेल्या खड्ड्याचं माप मुकादम टेपनं घ्यायचा. लांबी, रुंदी, खोली. वहिनीनं एकदा टेपचं दुसरं टोक धरलं. मग रोज धरायला लागली. मुकादमाच्या आधी तोंडी हिशेब करून बघायची.

घरी येऊन मला म्हणाली, "घनफळ म्हंजे खड्डा गं! हे आधीच सांगितलं असतं तर पहिल्याच साली पास झाले असते."

निकाल बघायला दादा सायकलवर मुरुडला गेला. आला, सायकल लावली, पाणी प्याला.

"झालीस," म्हणाला.

बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी टँकरच्या रांगेत घागरी घेऊन तो स्वतः उभा राहिला. चंद्रभागाकाकू त्याला म्हणाल्या, "तू कशाला आलास बाबा? आमचा धडा राहिला की."

नर्सिंगच्या होस्टेलात अभ्यासाच्या वेळी तोंड बंद ठेवायचा नियम होता. वहिनी बाथरूममध्ये जाऊन बादलीला धडा सांगायची. पास झाली.

पुढं लातूर, भोकर, परत लातूर. सगळी नोकरी झाली. हाताखाली नव्या मुली आल्या की त्यांना आधी विचारायची, "तुला कसं येतंय? वाचून, ऐकून, का हातानं करून?"

मुली गोंधळायच्या. हे त्यांना कुणी विचारलेलंच नसायचं.

गेल्या वर्षी तिला स्ट्रोक आला. वाचा गेली.

तिचीच.

स्पीच थेरपीला एक गुणी पोरगी यायची. चित्रांची कार्डं दाखवायची. आंबा. गाय. घर. वहिनी कार्डं बाजूला सारायची. पोरीला वाटलं, आजी कोऑपरेट करत नाहीत.

दादानं ओळखलं.

त्यानं तिच्या हातात वाटी दिली. "वाटी," म्हणाला. मग भाकरीचा तुकडा दिला. मग स्वतःची टोपी. दिवसभर घरातली एक एक वस्तू तिच्या हातात देत बसायचा. सत्तरीला टेकलेला माणूस.

कित्येक दिवस काही नाही. मग एकदा भाकर चाचपत ती म्हणाली, "भा... कर."

दादा उठून बाहेर गेला. बराच वेळ आत आला नाही.

थोडे शब्द आले. थोडे येऊन परत गेले. दुसरा स्ट्रोक आला आणि तेही थांबलं.

परवा मी तिची उशी सरळ करत होते. तिनं माझा हात धरला आणि अगदी स्वच्छ म्हणाली, "दमले."

मी म्हटलं, "हाव वहिनी. आम्ही पण."

अंत्यविधी आज दुपारी लातूरला. दादाला फोन करू नका, आत्ताच त्याचा डोळा लागलाय.

झोप आता, वहिनी.

जय भीम.