चार कोऱ्या रकान्यांतला वारा

तरुणपणी मी फार हुशार होते. असं मीच सगळ्यांना सांगत असे. दुसरं कोणी सांगत नव्हतं, म्हणून ते काम माझ्याकडेच होतं. रोज पोलादपूरहून एसटीने महाडला जायचं, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचं, आणि येताना मांडीवर वही उघडून समुद्रातला पारा हवेत पाठवायचा. महाडच्या वसाहतीत रसायनांचे कारखाने उभे राहत होते. त्यांच्याकडे बघायला या बाईंना वेळ नव्हता. बाईंना अख्खा समुद्र हवा होता. तो मी तोवर दोनदा पाहिला होता, एकदा लग्नाआधी आणि एकदा लग्नानंतर. तेवढ्या भांडवलावर पीएचडी! शेजारच्या काकू मी डॉक्टर होणार असं ऐकून गुडघा दाखवायला आल्या होत्या. त्या माझ्यापेक्षा शहाण्या; निदान दुखतं कुठे हे त्यांना ठाऊक होतं.

काम असं होतं. समुद्र हा एक खोका, वरची हवा हा दुसरा. पाण्यातला थोडा पारा वायू होऊन हवेत जातो, हवेतला पावसाबरोबर खाली येतो. दर महिन्याला किती वर गेला, किती खाली आला, याचं गणित मांडायचं. याला प्रतिमान म्हणायचं. हा शब्द मी इतक्या वेळा उच्चारी, की मुंबईहून सुट्टीवर आलेला नवरा दुसऱ्या दिवशीच परतीच्या गाड्यांची चौकशी करी.

पारा वर किती जातो ते वाऱ्यावर अवलंबून. वारा जेवढा जोराचा, तेवढा पाण्यातून पारा जास्त सुटतो. तेव्हा समुद्रावरच्या वाऱ्याचे आकडे हवेत. ते मी एका छोट्या बंदरातून मिळवले. तिथला कारकून आमच्या लांबच्या नात्यातला. येणाऱ्या गलबतांच्या तांडेलांना, म्हणजे ती हाकणाऱ्यांना, विचारून तो वाऱ्याची नोंद करी. पावसाळ्याच्या चार महिन्यांचे रकाने कोरे होते. कोरे का, हे विचारायला अक्कल लागते. मी बाकीच्या आठ महिन्यांची सरासरी काढली आणि चारी रकान्यांत भरून टाकली. वळणदार अक्षरात.

मग काय, चमत्कार झाला. पावसाबरोबर पारा धो धो खाली येतोय आणि वर न्यायला वारा बेताचाच. पावसाळाभर समुद्रात पारा साठत गेला. आलेखात असा उंचवटा उठला की मार्गदर्शक सर चष्मा काढून म्हणाले, "बाई, हे नवीन आहे हं!" मी त्या उंचवट्याच्या प्रेमातच पडले. कॉलेजातली माझी नोकरी तात्पुरती होती. पुढच्या जूनपर्यंत पीएचडी झाली, तर कायमची जागा माझी, असं ठरल्यासारखंच होतं.

प्रबंध टाइप होऊन आला तो श्रावणाच्या तोंडावर. जेवताना मी सासूबाईंसमोर आलेख धरला. त्यांना कौतुक करायला एक संधी द्यावी म्हणून.

"कसला गो टेकाड ह्यो?"

"पारा साठलाय, आई. पावसाळ्यात समुद्रावर वारा बेताचा असतो ना, म्हणून."

सासूबाईंनी माझ्या ताटात सुकटीची चटणी वाढली. "बेताचा? मंग होड्या वर वढून ठेवल्यात त्या काय वाळत घातल्यात? दर्याला काय सुट्टी लागली हाय? आन् तू रोज सुकट बघून नाक मुरडतेस. ताजी मासळी का नाय, ते कंदी इचारलंस?"

मी ताटातल्या सुकटीकडे पाहिलं. मे महिन्यात आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, सुकट मी स्वतः निवडून डब्यात भरली होती. दर वर्षी भरत होते. वाऱ्यामुळे गलबतं समुद्रात जात नाहीत, म्हणून कारकुनाला विचारायला तांडेल नाही, म्हणून रकाने कोरे. सर्वांत जास्त वारा तिथेच होता. आणि मी पुरावा चटणी लावून खात होते.

त्याच दुपारी अंदाजाने त्या चार महिन्यांचा वारा दुप्पट धरला आणि गणित पुन्हा केलं. उंचवटा आडवा झाला.

सरांकडे धावले. ते शांतपणे म्हणाले, "उंचवटा काढला तर प्रबंधात राहतं काय? रिकाम्या जागी सरासरी सगळेच भरतात. आणि परीक्षक देशावरचे आहेत, त्यांना समुद्राचं काय कळतंय."

या बाणेदार बाईने मग काय केलं? सही केली आणि प्रबंध दिला. वर स्वतःला समजावलं, की सासूबाई काही शास्त्रज्ञ नाहीत.

तोंडी परीक्षा मे महिन्यात झाली. परीक्षक खरंच देशावरचे, गोड बोलणारे. सगळं सोडून त्यांनी उंचवट्याचंच पान उघडलं. "वा! काय सुबक आलेख आहे!" दुसऱ्यांदा "वा" म्हणाले तेव्हा माझ्याच्याने राहवेना.

"सर, तो खोटा आहे."

मार्गदर्शक सरांचा चहाचा चमचा बशीत पडला. मी रकान्यांची सगळी हकिगत सांगितली. परीक्षकांनी ऐकून घेतली, पान मिटलं.

"हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"श्रावणापासून."

"मग सही कशाला केलीत?"

"नोकरी हवी होती."

"आणि आता?"

"आता ती जाईल."

गेलीच. प्रबंध दुरुस्तीसाठी परत आला आणि जूनमध्ये त्या खुर्चीवर दुसरे गृहस्थ बसले. ते रुबाबदार होते आणि त्यांच्या प्रबंधाबद्दल कोणी काही विचारलं नाही. मी दोन वर्षं पावसाळ्यातही फिरणाऱ्या मोठ्या जहाजांच्या नोंदी मिळवत बसले. नव्या आलेखात पावसाळ्याच्या जागी साधा खळगा आला. प्रबंध मंजूर झाला. या वेळी कोणीच "वा" म्हटलं नाही, आणि मी पोलादपूरच्या शाळेत आठवीला पाऱ्याची तापमापी शिकवू लागले.