विजयमाला मॅडमची फ्रेंच

आमच्या बोरीच्या शाळेत दुसरीचा आणि तिसरीचा वर्ग एकाच लांबट खोलीत भरतो. मधे पत्र्याचा आडोसा आहे. अलीकडे मी गणित घेत असते आणि पलीकडे विजयमाला मॅडम मराठी नाहीतर परिसर अभ्यास. इतकी वर्षं शेजारी काढल्यावर त्यांचा आवाज माझ्या कानांना पंख्याच्या आवाजासारखा झाला होता, म्हणजे ऐकू येई पण लक्ष जात नसे. त्या जूनमध्ये मात्र मी पाढे घ्यायचे थांबले आणि पत्र्याला कान लावला. पलीकडून सगळी मुलं एका सुरात ‘बोंझूर’ म्हणत होती.

त्याचं झालं असं. आमच्या संस्थेचे अध्यक्ष किशनराव मे महिन्यात पुण्याला मुलाकडे जाऊन आले. तिथं शेजारच्या फ्लॅटमधलं पहिलीतलं पोरगं फ्रेंच बोलताना त्यांनी ऐकलं. त्यांची सून वैदेही म्हणाली की कॉलेजात तिनंही फ्रेंच घेतली होती. परत आल्यावर त्यांनी शिक्षकांची बैठक बोलावली आणि सांगून टाकलं, “यंदापासून पहिली ते चौथी फ्रेंच. जिंतूरच्या एकाही शाळेत न्हाई.” मग त्यांनी सगळ्यांकडे बघितलं आणि त्यांची नजर विजयमाला मॅडमवर थांबली.

“मॅडम, तुमी घ्या.”

“सर, मला येत नाही.”

“कुणालाच येत न्हाई. म्हणून तर तुमाला सांगायलोय. तुमी नवीन गोष्टी लवकर उचलता.”

हे खरं होतं, आणि त्यामुळेच त्या अडकल्या. आधी त्यांच्याकडे योगासनं आली होती, मग मणी सरकवून करायची गणितं आली होती. दोन्ही त्यांनी शिकून घेतली आणि शिकवली. पण त्या गोष्टी इथल्या कुणीतरी कधीतरी केलेल्या होत्या. फ्रेंच बोलणारा माणूस आमच्यापैकी कुणी डोळ्यांनी पाहिला नव्हता. बैठकीतून बाहेर पडताना त्या मला म्हणाल्या, “राजेश्री, मी ‘हो’ म्हणाले का गं? मला आठवतच नाही.” तोवर फाटकावरच्या पाटीवर पेंटर नवी ओळ रंगवायला लागलाही होता.

विजयमाला मॅडम मूळच्या देवगाव फाट्याजवळच्या. वडिलांचं फाट्यावर चहाचं हॉटेल होतं. एसटीच्या पाट्या वाचत वाचत अक्षरं शिकले असं त्या सांगतात. डीएड झालं, जिल्हा परिषदेत लागायचं ठरलं, परीक्षाही दिली, पण भरतीच निघाली नाही. मग लग्न होऊन बोरीला आल्या. नवरा आदिनाथ, एका पतसंस्थेत कारकून. स्वभावानं मॅडम नेमस्त. वर्गात एक गोष्ट मात्र त्या कधी चालवून घेत नसत. मुलानं ‘आमी’ म्हटलं की ‘आम्ही’ म्हणायला लावायच्या, ‘तुमी’ म्हटलं की ‘तुम्ही’. ‘ह’ वर जोर देऊन, ओठापुढं तळहात धरून, वाफ हाताला लागली पाहिजे म्हणायच्या. अर्ध्या गावाला त्यांनी हा ‘ह’ शिकवला आहे.

फ्रेंच त्या मोबाइलवर शिकायला लागल्या. सकाळी भाकरी थापताना फोन डब्याला टेकवून ठेवायचा आणि मागं मागं म्हणायचं. एक मास्तर सावकाश बोलायचा, एक बाई भरभर. दोघांचं एक जुळेल तर शपथ. त्यात फ्रेंचचा ‘र’ घशातून, खाकरल्यासारखा. आदिनाथभाऊंना वाटलं बायकोचा घसा धरलाय. त्यांनी ज्येष्ठमध आणून दिला. मॅडमनी तो चघळला आणि पुन्हा ‘र’ म्हणायला लागल्या.

पहिले काही आठवडे बरे गेले. नमस्कार, धन्यवाद, रंग, फळं. मुलांना मजा वाटायची. मग फळ्यावर शब्द लिहायची वेळ आली आणि गोंधळाला तोंड फुटलं. फ्रेंचमध्ये शेवटची अक्षरं लिहायची असतात पण म्हणायची नसतात. दुसरीत राणी नावाची मुलगी होती. आईबाप दसरा झाला की ऊसतोडीला जायचे, म्हणून ती आजीजवळ, सारजाबाईंजवळ राहायची. तिनं विचारलं, “मॅडम, म्हनायचंच न्हाई तर लिव्हायचं कशामुळं?”

मॅडम म्हणाल्या, “तशी पद्धत आहे.”

“मंग परीक्षेत न्हाई लिव्हलं तर मार्क कापतेत का?”

“कापतील.”

“कोन कापतंय?”

पेपर मॅडमच काढणार होत्या आणि मॅडमच तपासणार होत्या. आपण कापू की नाही हे त्यांनाही माहीत नव्हतं.

त्यानंतर लिंगं आली. फ्रेंचमध्ये सूर्य पुरुष आणि चंद्र बाई. मुलं ऐकेनात. चांदोमामा तर मामा असतो, मामा बाई कसा असेल? मॅडमनी समजावून सांगायचा प्रयत्न केला की तिकडच्या मुलांना तो मावशी वाटत असेल. एका मुलानं विचारलं की मग तो एकच चंद्र आहे का दोन. “एकच,” मॅडम म्हणाल्या, पण आवाजात खात्री नव्हती. सुट्टीत माझ्याजवळ येऊन बसल्या. “आणि नपुंसकलिंग नाहीच म्हणे त्यांच्यात. मग घर, पुस्तक, पान हे सगळं कुठं घालायचं? मी एकेक शब्द पाठ करते आणि रात्रीतून बाईचा पुरुष होतो.”

पण खरा घोळ ‘ह’चा झाला. हॉस्पिटलला फ्रेंचमध्ये ओपिताल म्हणतात. लिहिताना ‘ह’चं अक्षर आहे, म्हणायचं नाही. हॉटेलचं ओतेल. मॅडमनी फळ्यावर लिहिलं आणि सांगितलं, “यातला ‘ह’ म्हणायचा नाही.” त्याच तासाला कुणीतरी ‘आमी’ म्हणालं. सवयीनं मॅडमनी टोकलं, “आम्ही म्हण. ‘ह’ म्हण.” त्यावर राणी उठून उभी राहिली. ती उद्धट नव्हती. तिला खरोखरच समजून घ्यायचं होतं.

“मॅडम, मराठीच्या तासाला ‘ह’ म्हनायचा आन फ्रेंचच्या तासाला न्हाई म्हनायचा. मंग घरी?”

मॅडमनी खडू खाली ठेवला. त्या म्हणाल्या, “घरी आजी म्हणते तसं.” त्या दिवशी घरी जाताना त्यांनी मला सांगितलं की त्यांच्या वडिलांच्या हॉटेलला गावातला कुणीच कधी हॉटेल म्हणाला नाही, हाटील म्हणत. आणि वडील मरेपर्यंत ‘आमी’ म्हणत. लहानपणी शाळेतून येऊन त्यांनी वडिलांनाही तळहात ओठांपुढं धरायला लावला होता. “आता मला काही कळंनाच झालंय,” त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून ‘कळंना’ मी पहिल्यांदाच ऐकलं.

दिवाळीनंतर फ्रेंच आकडे माझ्या तासात शिरले. मी विचारलं, साठ अधिक वीस किती? अर्धा वर्ग ओरडला, “चार वीस.” मला वाटलं मुलं थट्टा करतात. नंतर मॅडमनी समजावलं की फ्रेंचमध्ये ऐंशीला वेगळा शब्द नाही, चार वीस असंच म्हणतात. कात्र व्हँ. त्यामुळे मुलांनी ऐंशी सोडून दिलं होतं. एक पालक तक्रार घेऊन आले की पोराला शंभर म्हणता येतं, ऐंशी येत नाही, काय शिकवायलाव तुमी?

दुसऱ्याच दिवशी सारजाबाई आल्या, राणीचा विसरलेला डबा घेऊन. त्यांना फार आनंद झालेला दिसत होता. पत्र्याच्या दाराशी उभ्या राहून म्हणाल्या, “बाई, लय चांगलं केलं. आमच्या टायमाला समदे असंच मोजायचे. चार इसा, पाच इसा. लोकांनी सोडून दिलं. पोरीला पुन्ना शिकवायलाव तुमी.”

“ते फ्रेंच आहे, आजी,” मॅडम म्हणाल्या.

“असंल. चार इसा ते चार इसाच की.”

सारजाबाई डबा देऊन गेल्या. ज्या पालकांनी परदेशी भाषा म्हणून मुलं घातली ते नाराज होते, आणि ज्या म्हातारीला फ्रान्स कुठं आहे हे माहीत नव्हतं ती खूश होती. मी माझ्या वर्गात ‘ऐंशी’ दहा वेळा लिहून घेतलं, आणि राणीनं त्याच्यापुढं प्रत्येक वेळी कंसात ‘चार इसा’ लिहिलं. तिला चूक द्यावी का, हे मी ठरवू शकले नाही.

जानेवारीत गॅदरिंग होतं. किशनरावांनी पुण्याहून वैदेहीला मुद्दाम बोलावून घेतलं. फ्रेंच कशी झाली ते तिनं ऐकावं अशी त्यांची इच्छा होती. मॅडमना आठवडाभर जेवण गेलं नाही. आपण वर्षभर मुलांना काहीतरी भलतंच तर शिकवलं नाही ना, ही एकच फिकीर. मुलांनी फ्रेंचमध्ये नावं सांगितली, रंग सांगितले, एक ते शंभर आकडे म्हणून दाखवले. टाळ्या झाल्या. मॅडम वैदेहीला गाठून एका बाजूला घेऊन गेल्या आणि मलाही हात धरून ओढलं.

“खरं सांगा,” त्या म्हणाल्या. “बरोबर होतं का?”

वैदेही गोंधळली. “मॅडम, मी मार्कांसाठी घेतली होती. पाठ केलं, पेपर दिला, विसरले. मला बरोबर वाटलं. पण माझ्या वाटण्याला काय अर्थ?” मॅडमचा चेहरा बघून तिला वाईट वाटलं असावं. तिनं फोन काढला. तिची मैत्रीण हेमा नवऱ्याच्या नोकरीमुळे तिकडेच, फ्रेंच बोलणाऱ्या लोझान नावाच्या गावात राहत होती आणि तिचा मुलगा तिथल्याच शाळेत जात होता. व्हिडिओ कॉल लागला. मंडपाच्या मागं, खुर्च्यांच्या ढिगाजवळ आम्ही उभ्या होतो. राणी आणि अजून चारपाच मुलं येऊन चिकटली.

पडद्यावर सहासात वर्षांचा मुलगा आला. राणीनं त्याला ‘बोंझूर’ म्हटलं. तोही म्हणाला. मॅडमनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. मग राणी आकडे म्हणायला लागली आणि तो ऐकत राहिला. ती ‘कात्र व्हँ’वर आली तसा तो हसला आणि दुसरंच काहीतरी म्हणाला. उईताँत, असं काहीसं. राणी थांबली. पुन्हा म्हणाली, कात्र व्हँ. तो पुन्हा म्हणाला, उईताँत.

“चूक झालं,” मॅडम पुटपुटल्या. “सगळं चूक झालं.”

हेमा पुढं आली. “नाही हो मॅडम, चूक नाही. फ्रान्समध्ये तुम्ही म्हणता तसंच म्हणतात. आम्ही स्वित्झर्लंडमध्ये आहोत. इथं ऐंशीला हा शब्द आहे.”

“मग खरं कोणतं?”

“दोन्ही.”

“दोन्ही कसं? एक काहीतरी असेल ना, पुस्तकातलं?”

हेमानं जरा विचार केला. “पुस्तकात तुमचं. इथल्या घरात आमचं. मला एवढंच माहीत आहे.”

मॅडमनी फोन परत दिला. त्यांना बरं वाटायला हवं होतं, पण तसं दिसलं नाही. परत येताना त्या म्हणाल्या की चूक ठरले असते तर सोडून दिलं असतं, बरोबर ठरले असते तर झोप लागली असती. हे मधलं काय करायचं?

पुढच्या जूनमध्ये पाटीवरची ओळ पुसली गेली. किशनरावांनी काही जाहीर केलं नाही. वेळापत्रकात फ्रेंचच्या जागी संगणक आला, एवढंच. मॅडमना वाटलं आपण सुटलो. दोन दिवस वाटलं. मग भाकरी थापताना फोन आपोआप डब्याला टेकवला गेला. आदिनाथभाऊ म्हणाले, “आता कशामुळं?”

“माहीत नाही,” मॅडम म्हणाल्या. “चालू राहू द्या.”

पावसाळ्याच्या अखेरीस त्यांनी पुण्याला जाऊन फ्रेंचच्या पहिल्या पातळीची परीक्षा दिली. तिथं बाकी सगळी कॉलेजची पोरं. तोंडी परीक्षेत एका बाईंनी त्यांना गावाबद्दल सांगायला सांगितलं. कापूस, सोयाबीन, शाळा इथपर्यंत ठीक गेलं. मग त्यांना येलदरीचं धरण सांगावंसं वाटलं आणि धरणाला शब्दच आठवेना. त्यांनी सांगितलं, एक नदी आहे, तिला भिंत घातली आहे, नदी भिंतीला टेकून बसली आहे. त्या बाईंनी मान वर करून विचारलं, “मासे असतात?” मॅडमना प्रश्न कळला. कळला याचंच त्यांना इतकं नवल वाटलं की उत्तर द्यायला उशीर झाला.

त्या पास झाल्या. निकाल त्यांनी मला स्टाफरूममध्ये दाखवला. अभिनंदन करावं की आता हे कशासाठी असं विचारावं, मला ठरवता आलं नाही. म्हणून मी म्हटलं, “मग त्या बाईंना माशांचं काय सांगितलंत?”

मॅडम फ्रेंचमध्ये काहीतरी लांबलचक बोलल्या. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही.

“म्हणजे काय?”

“चांगले असतात, पण काटे लय,” त्या म्हणाल्या, आणि हजेरीपट उचलून तिसरीच्या वर्गावर गेल्या.