आवाज नसलेलं फुटेज

मी वायर आणि स्क्रू ड्रायव्हरवाला माणूस. चित्र आलं नाही तर वायर बघायची, वायर ठीक असेल तर कार्ड बदलायचं... भूत-बित, आत्मा वगैरे विषय निघाला की मी हसून उठून जायचो. म्हणून हे लिहायला लई दिवस टाळाटाळ केली.

लातूरला माझं कॅमेऱ्याचं दुकान आहे. माझे थोरले भाऊ, युनूसभाई, औसा रोडवरच्या एका शाळेची बस चालवायचे. बारा वर्षं एकच रूट, रेणापूर ते शाळा. त्यांची एक सवय होती — पोरं उतरली की एकेका सीटवर हात ठेवत पार मागपर्यंत चालत जायचे. कुणी झोपलेलं सापडलं की म्हणायचे, "उठा सरकार, गाव आलं." शाळेच्या दारात कुठलं आलंय गाव? मी चेष्टा करायचो. ते म्हणायचे, असं म्हटलं की पोरं रडत न्हाईत, हसत उठतात.

दोन वर्षांखाली दिवाळीच्या तोंडावर भाई हार्ट अटॅकनं गेले. फोटो ढीगभर आहेत, पण आवाज कुठंच नाही. व्हॉइस मेसेजचा त्यांना कंटाळा, मिस कॉल द्यायचे. लग्नाच्या व्हिडिओत नुसता बँड वाजतोय. भाभी म्हणायच्या, चेहरा आठवतो, आवाज मात्र सुटत चाललाय. मला तर तो सकाळी अर्धवट झोपेत ऐकू आल्यासारखा वाटायचा आणि जाग आली की जायचा.

पुढच्या जूनमध्ये शाळेनं सगळ्या बसमध्ये कॅमेरे बसवायला घेतले. काम मलाच मिळालं. भाईंच्या बसमध्येही मीच बसवले.

यंदाच्या मार्चमधली गोष्ट. त्या बसच्या मदतनीस सुशीलाताई रजेवर होत्या. नवा ड्रायव्हर पोरं उतरवून, मागं न बघताच दार लावून निघून गेला. छोट्या गटातली एक मुलगी शेवटच्या सीटवर झोपून राहिली. आमच्याकडं मार्चचं ऊन कसं असतं, आणि त्यात बंद बस... अर्ध्या तासानं हॉर्न वाजायला लागला म्हणून शिपाई धावला. पोरगी ड्रायव्हरच्या सीटवर उभी राहून हॉर्न दाबत होती. घामाघूम, पण ठणठणीत.

चूक कुठं झाली ते बघायला शाळेच्या मुख्याध्यापिका मॅडमनी मला बोलावलं. फुटेज लावलं. बस रिकामी. पोरगी गाढ झोपलेली. मग तिनं एकदम डोळे उघडले, सीटशेजारच्या रिकाम्या जागेकडं वर बघितलं — आणि हसली. उठली. एक हात वर धरून, कुणाचं तरी बोट धरावं तशी पुढं चालत आली. बाजूला कुणी नाही. तिन्ही कॅमेऱ्यांत नाही.

मॅडमनी तिला जवळ घेऊन विचारलं, तुला जाग कशी आली गं?

"काकांनी उठवलं. म्हणले, उठा सरकार, गाव आलं."

ही पोरगी शाळेत आली तीच भाई गेल्यानंतरच्या जूनमध्ये.

माझा हात आवाजाच्या बटणाकडं गेला. आणि तिथंच थांबला. बसवताना सुशीलाताईंनी तक्रार केली होती, फोनवर सासूचं गाऱ्हाणं सांगते ते सगळं ऑफिसात ऐकू जाईल म्हणून. त्यांचा मान ठेवून त्या बसचा माइक मीच बंद केला होता. माझ्याच हातानं.

संध्याकाळी भाभींना दाखवलं. त्यांनी तीनदा बघितलं. मग हळूच म्हणाल्या, "आवाज कायकू बंद किया रे?"

मला रडू आलं, एवढंच.

उकाड्यानं जाग आली असेल. तो शब्द मोठ्या पोरांच्या तोंडून कानावर पडला असेल. स्वतःला सगळं सांगून झालं... पण ती वर बघून कुणाला हसली, हे मला आजही सांगता येत नाही.

सुशीलाताईंना विचारून माइक मी दुसऱ्या दिवशीच चालू केला. आता पोरं उतरून बस रिकामी झाली की रोज अर्धा तास हेडफोन लावून बसतो. ऊन लागून पत्रा वाजतो, बाहेर शाळेची घंटा होते. जेवायला घरी गेलो की भाभी काही विचारत नाहीत, नुसत्या तोंडाकडं बघतात. मी नाही म्हणून मान हलवतो, आणि त्या ताट वाढायला उठतात.