दुसरं पान

माझ्या वडिलांनी कपबश्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं एकच काम केलं, संशय घेण्याचं. कागदावर हुद्दा तपासनीसाचा. भट्टीतून पेटी आली की कप काढायचा, नखाने टिचकी मारायची, कान लावायचा. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर कुठेतरी केसाएवढी चीर आहे समजायचं. कारखान्यात त्यांना टिचकीसाहेब म्हणत. वैताग हा की घरीही त्यांना सुट्टी नसे. दूधवाल्यापासून जावयापर्यंत सगळ्यांना टिचकी मारून झाली होती. माझा नवरा पास व्हायला चार वर्षं लागली.

एकाहत्तराव्या वर्षी त्यांच्या मोठ्या आतड्यात कर्करोग निघाला. तो भाग कापून तपासायला पाठवला. रोग आतड्यातच थांबलाय की बाहेर पडलाय, एवढाच आता प्रश्न होता. डॉक्टरबाईंनी समजावलं होतं, "आतड्याला लागून चरबी असते, तिच्यात मुगाच्या दाण्याएवढ्या लसिकाग्रंथी असतात. रोग बाहेर निघाला की बहुतेक वेळा आधी तिथे जातो. सगळ्या स्वच्छ निघाल्या तर दुसरा टप्पा. एकीत जरी सापडला तरी तिसरा."

अहवाल आणायला मी गेले. पहिल्या पानावर होतं, ग्रंथी तपासल्या सात, रोग एकीतही नाही. मी जिन्यातच आनंदाने रडले. मग पान उलटलं. 'ग्रंथी कमी मिळाल्या आहेत. किमान बारा तपासणे योग्य. राखून ठेवलेल्या भागात पुन्हा शोध घेता येईल.'

मी ते पान पर्समध्ये कोंबलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. आई गेल्यापासून घरात चांगली बातमी म्हणून आली नव्हती, आणि आलेली मला परत पाठवायची नव्हती. डॉक्टरबाईंची भेट आठ दिवसांवर होती. खरं सांगते, तिथेही एकच पान न्यायचं माझ्या मनात होतं.

बाबांनी चष्मा लावला. "सातच?"

"सातही स्वच्छ आहेत, बाबा!"

"पेटीत होते किती?"

"ही काय कपांची पेटी आहे? जरा कुठे बरं झालं की तुमची माशी शिंकलीच!"

त्यांनी पानाच्या तळाशी बोट ठेवलं. बारीक अक्षरात छापलं होतं, पान एक, एकूण दोन.

"दुसरं कुठाय?"

"तिथेच राहिलं असेल."

ते माझ्याकडे बघत राहिले. आता मलाच टिचकी मारतात की काय, असं वाटलं. मी पर्स उघडली.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "इतक्या कमी ग्रंथी बघून 'नाही' म्हटलं, तर त्या 'नाही'चा भरवसा धरवत नाही." प्रयोगशाळेने ती चरबी पुन्हा चाचपली. आणखी नऊ सापडल्या. त्यातल्या एकीत रोग होता. टप्पा तिसरा.

मला बाबांचाच भयंकर राग आला, जणू त्यांनीच तो तिथे नेऊन ठेवला होता. घरी परतताना तेच म्हणाले, "आपण बघितलं नाही म्हणून चीर बुजत नाही गं."

सहा महिने केमोथेरपीची औषधं चढली. बोटांची टोकं बधिर झाली, कपाला टिचकी मारली तरी नखाखाली काही कळेना. त्या पानाचा विषय मात्र त्यांनी काढला नाही. माझ्या नवऱ्याकडेही नाही. मी धास्तावूनच असायचे, कधीतरी भांडणात काढतील. आता माझ्यावर ते कायमचे नजर ठेवणार, याची मला खात्रीच होती.

परवा दोन वर्षांनंतरच्या तपासणीचा अहवाल आला. मी दोन्ही पानं त्यांच्यापुढे ठेवली. चष्मा हाताशीच होता, पण त्यांनी तो उचलला नाही.

"तू वाचलंस?"

"दोन्ही पानं. तीनदा. काही नाहीये, बाबा."

त्यांनी पानं न बघताच माझ्याकडे सरकवली.

"मग पास," ते म्हणाले.